जर्मनीच्या नोकरीसाठी पदवी 'अपोस्टिल' करायची का? एजंट २२ हजार मागतोय

पूर्णाकाठ (धागाकर्ता)
राम राम मंडळी. मी परभणीचा, सध्या पुण्यात नोकरीला. मेकॅनिकलची पदवी २०१६ची, मराठवाड्यातल्याच विद्यापीठाची. जर्मनीतल्या एका कंपनीने ऑफर दिली आहे. त्यांच्या मेलमध्ये कागदपत्रांची यादी आहे आणि त्यात एक ओळ अशी की पदवी तिथे मान्य असल्याचा पुरावा जोडा.

गावाकडच्या एका एजंटाला विचारलं. तो म्हणतो, नोटरी, विद्यापीठ, मंत्रालय, दिल्ली आणि शेवटी अपोस्टिल असं सगळं करावं लागतं. पदवी आणि चार वर्षांच्या गुणपत्रिका धरून २२ हजार, आणि मूळ कागद महिनाभर त्याच्याकडे ठेवायचे. पैशापेक्षा मूळ कागद द्यायची भीती वाटायली. हे खरंच लागतं का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं.

हुरडा पार्टी
जगात जर्मनी, भारतात परभणी! दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आलं म्हणायचं. अभिनंदन राव.

नेकारतीर
थांबा. त्या एजंटाला आत्ता एक रुपयाही देऊ नका. मी गेली काही वर्षं श्टुटगार्टजवळ राहतो, मूळ जालन्याचा.

अपोस्टिल हा १९६१च्या हेग कराराचा शिक्का, एका देशाचा कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून. भारत त्या करारात २००५ साली आला. पण कुठलाही नवा देश आत आला की आधीचे सभासद त्याच्याबाबत हरकत घेऊ शकतात, आणि जर्मनीने भारताबाबत ती घेतलेली आहे. म्हणजे दोघंही करारात असले तरी या दोघांच्या आपसात करार लागू नाही. दिल्लीहून चिकटवून आणलेलं ते स्टिकर इथल्या कार्यालयाच्या दृष्टीने नुसतं स्टिकर आहे.

इथे बघतात ते वेगळं. 'अनाबिन' नावाची सरकारी माहितीपेढी आहे, इंटरनेटवर फुकट बघता येते. तिच्यात आधी तुमचं विद्यापीठ शोधायचं. नावापुढे 'एच प्लस' असेल तर संस्था मान्य. मग पदवी शोधायची. तिच्यापुढे 'एंट्श्प्रिश्ट' किंवा 'ग्लाइशवेर्टिश' असेल तर ती जर्मन पदवीच्या तोडीची. दोन्ही पानं छापून व्हिसाच्या अर्जाला जोडायची. यापैकी एखादी नोंद सापडली नाही तर बॉनच्या झेडएबीकडून (परदेशी पदव्या तपासणारं सरकारी कार्यालय) तुलनापत्र मागवायचं, त्याचं शुल्क २०८ युरो. तुमच्या कंपनीला हवा असलेला पुरावा तो हाच.

बिनधास्त बीडकर
असं कसं म्हणता? माझ्या मेव्हण्याने म्युनिकला जाताना सगळं अपोस्टिल करून नेलं होतं. काही अडचण आली नाही.

नेकारतीर
अडचण येणारच नाही. कागदावर एक स्टिकर जास्त आहे म्हणून कुणी व्हिसा नाकारत नाही. प्रश्न असा आहे की ते कुणी मागितलं होतं का. मेव्हण्यांना विचारून सांगा.

बिनधास्त बीडकर
विचारलं. म्हणे फाइलमध्येच राहिलं, कुणी उलटून पाहिलं नाही. वर मला म्हणतो, हे तू आधी का नाही विचारलंस. घ्या!

चिकित्सक
नेकारतीर यांच्याशी सहमत, पण धाग्याचं शीर्षक वाचून दुबईला निघालेली माणसंही इथे येतील आणि 'अपोस्टिल लागत नाही' एवढंच घेऊन जातील. म्हणून देशवार सांगतो.

करारात असलेला देश (इंग्लंड, इटली, ऑस्ट्रेलिया वगैरे) जर प्रमाणित कागद मागत असेल तर अपोस्टिल पुरतं, दूतावासात जावं लागत नाही. आखातात मात्र सरमिसळ आहे. ओमान २०१२पासून आणि बहरीन २०१३पासून करारात आहेत. सौदी डिसेंबर २०२२मध्ये आला. युएई, कतार, कुवेत अजून बाहेर आहेत. त्यांच्यासाठी जुनी साखळीच चालते: विद्यापीठाची पडताळणी, राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा शिक्का (एजंट लोक त्याला एचआरडी म्हणतात), परराष्ट्र मंत्रालय आणि मग त्या देशाचा दूतावास. दुबईत उतरल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का राहतोच, कागदामागे १५० दिरहम.

दुसरं. अपोस्टिलने काय सिद्ध होतं हे लोक समजून घेत नाहीत. सही खरी आहे आणि सही करणारा त्या पदावर होता, इतकंच. पदवी चांगली की वाईट, तिकडच्या कुठल्या पदवीइतकी, यावर ते काही बोलत नाही. ते ठरवणारी यंत्रणा प्रत्येक देशाची निराळी: जर्मनीची झेडएबी, इंग्लंडची यूके एनिक, कॅनडासाठी डब्ल्यूईएससारख्या संस्था. म्हणून 'शिक्के कुठून मारू' हे विचारण्याआधी 'कागद मागतंय कोण आणि त्याला काय हवंय' हे लेखी घ्या.

मांजराकाठची सिस्टर
चिकित्सकदादा, बरोबर सांगितलंत. मी लातूरची, बीएससी नर्सिंग. आधी सौदी, आता दुबई.

आमच्या क्षेत्रात शिक्क्यांच्या जोडीला आणखी एक प्रकार असतो, डेटाफ्लो नावाच्या कंपनीची पडताळणी. ते तुमच्या कागदावरचे शिक्के मोजत बसत नाहीत. थेट विद्यापीठाला, नर्सिंग कौन्सिलला आणि जुन्या हॉस्पिटलला मेल करून विचारतात की ही बाई तुमच्याकडे शिकली का, नोकरीला होती का. तिकडून उत्तर आलं नाही की अहवाल अडकला. म्हणून अर्ज केल्यावर गप्प बसायचं नाही. ज्या ज्या ठिकाणी मेल जाणार तिथे स्वतः जाऊन किंवा फोन करून सांगायचं की असा मेल येणार आहे, बघा. माझ्या एका मैत्रिणीच्या जुन्या हॉस्पिटलचा मेल-आयडीच बंद पडलेला. मालकांना घरी गाठून नवा आयडी कळवायला लावला तेव्हा पुढं सरकलं.

आणखी एक. लातूर, अंबाजोगाई, संभाजीनगर, कॉलेज कुठलंही असो, आमच्या आताच्या पदव्या नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या. पोरी आधी जवळच्या विद्यापीठात चकरा मारतात आणि मग कळतं की काम नाशिकला आहे. नर्सिंग कौन्सिलचं 'गुड स्टँडिंग' (नोंदणी चालू आणि तक्रार नाही असं) प्रमाणपत्र मुंबईचं, ते वेगळंच.

पूर्णाकाठ
सिस्टर, जर्मनीत नर्सना पण अनाबिनच का? माझी चुलत बहीण जर्मन शिकायली, ती पण नर्स आहे.

नेकारतीर
नाही. नर्स, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट हे इथे नियंत्रित व्यवसाय आहेत. त्यांना ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याच्या कार्यालयाकडून 'आनएरकेनुंग' म्हणजे व्यवसायाची मान्यता घ्यावी लागते. ते अभ्यासक्रमाचे तास न् तास तपासतात आणि कुठे कमी पडतं ते लेखी कळवतात. मग पुरवणी प्रशिक्षण घ्या किंवा परीक्षा द्या. जर्मन भाषा साधारण बी-२ पातळीपर्यंत लागतेच. बहिणीला सांगा, अभ्यासक्रमाची तासवार प्रत कॉलेजकडून आत्ताच सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेव. नंतर मिळवणं जड जातं.

जाता जाता, २०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने आमच्याच बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याची जाहिरात गावोगाव झाल्यापासून मला रोज कुणाचा तरी फोन असतो. करार झाला म्हणून मान्यतेची पायरी टळत नाही, एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

जुना टेबल
मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त झालो. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

पडताळणीचा अर्ज आला की आम्ही बैठक क्रमांक आणि परीक्षेचा हंगाम घेऊन टॅब्युलेशन रजिस्टर काढायचो. ओळ जुळली, गुण जुळले, नाव जुळलं की सही. मुलं अर्जात नुसतं '२०११ पास' लिहितात. मार्च-एप्रिल की ऑक्टोबर-नोव्हेंबर? एखादा विषय राहून नंतर निघाला असेल तर त्याची वेगळी गुणपत्रिका कुठंय? हे दिलं नसेल तर आमचा माणूस रजिस्टरं उलटत बसतो आणि तुम्ही बाहेर म्हणता, लोक काम करत नाहीत. मागे-पुढे होतंच, नाही म्हणत नाही. पण अर्जाला सगळ्या प्रयत्नांच्या गुणपत्रिका, पीआरएन (कायम नोंदणी) क्रमांक आणि ओळखपत्राची प्रत लावलेली असेल तर कागद लवकर फिरतो.

आता तीन गोष्टी नीट ऐका. प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरतं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी चालत नाही, पदवी लागते. कित्येकांनी पदवीचा अर्जच भरलेला नसतो, नोकरीला लागले आणि विसरले.

दुसरी गोष्ट लॅमिनेशन. वडील कौतुकाने पदवी प्लास्टिकमध्ये मढवून आणतात. त्यावर शिक्का बसत नाही, स्टिकर चिकटत नाही, आणि बहुतेक कार्यालयं असा कागद घेतच नाहीत. इस्त्री फिरवून प्लास्टिक सोडवायचा उद्योग घरी करू नका, शाई प्लास्टिकबरोबर निघते. सरळ दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करा.

तिसरी, विद्यापीठ कुठलं ते आधी बघा. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ला सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी भागातल्या कॉलेजातून त्याआधी पास झालेल्यांची पदवी औरंगाबादच्या विद्यापीठाची. लोक विष्णुपुरीला, म्हणजे नांदेडच्या विद्यापीठात, जाऊन भांडतात की आमचं रेकॉर्ड दाखवा. तिथं नाहीच तर दाखवणार कुठून?

गोदातीर
जुना टेबल काका, हे वाचून लई बरं वाटलं. माझ्या आईची पदवी १९९०ची, कॉलेज नांदेडचं आणि कागदावर 'मराठवाडा विद्यापीठ'. मी कॅनडात असतो, तिला इकडे आणण्यापूर्वी शिक्षणाची नोंद दाखवायची होती. ऑनलाइन अर्जातल्या यादीत या नावाचं विद्यापीठच दिसेना! शेवटी आताचं नाव निवडलं आणि सोबत खुलासा जोडला की १९९४च्या नामविस्ताराआधी याच विद्यापीठाचं नाव मराठवाडा विद्यापीठ असं होतं.

खामकाठ
गोदातीर, बरोबर केलंत. यात एक भर घालतो. अर्जात पूर्ण नाव लिहा: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. एजंट लोक 'बामू' लिहून मोकळे होतात. परदेशातल्या तपासनिसाला बामू म्हणजे काय ते कळत नाही, पदवीवरच्या नावाशी जुळत नाही आणि अर्ज परत येतो. हा झाला व्यवहार.

आणि व्यवहार सोडूनही. १९७८च्या जुलैत विधिमंडळाने ठराव केला आणि नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ला. मधल्या काळात वस्त्या जळाल्या, माणसं मेली, नागपूरहून लाँग मार्च निघाला. आमच्या घरातली माणसं त्यात होती. अर्जाच्या चौकटीत जागा कमी पडते म्हणून त्या नावाला कात्री लावणं मला तरी जमत नाही. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर काय गर्दी असते ते येऊन बघा. (त्या दिवशी पडताळणीच्या कामाला मात्र येऊ नका!)

आडनाव आधी
खामकाठदादा, +१.

नावावरून आठवलं. माझा गोंधळ विद्यापीठाच्या नावाचा नव्हता, माझ्याच नावाचा होता. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पदवीवर तोच क्रम. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आता आयर्लंडमधल्या माणसाला कसं पटवायचं की या दोघी एकच?

मी केलं ते असं: विवाह नोंदणी दाखला आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. त्याची प्रत प्रत्येक कागदाला जोडली. नुसतं शंभराच्या स्टँपवरचं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं आणि काही ठिकाणी नाही, राजपत्राला कुणी नाही म्हणालं नाही. ज्यांची लग्नं व्हायची आहेत त्या मुलींना माझा सल्ला: पासपोर्टवर माहेरचंच नाव राहू द्या, काही बिघडत नाही. सासूबाई हा धागा वाचत नाहीत म्हणून मोकळेपणाने लिहिते.

हुरडा पार्टी
आडनाव आधी ताई, धाग्याची लिंक सासूबाईंना पाठवली आहे. :)

बिनधास्त बीडकर
नावाचा विषय निघालाच आहे तर शहराच्या नावाचं काय? माझ्या पदवीवर औरंगाबाद, पोराच्या जन्मदाखल्यावर छत्रपती संभाजीनगर. हे नाव बदलण्याचं खूळ कुणाच्या

संपादक
वरच्या प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे. शहराच्या नामांतरावर वेगळे धागे आहेत, तिकडे चर्चा करावी.

चिकित्सक
कागदापुरतं उत्तर देतो. नामांतर २०२३मध्ये झालं. त्याआधी दिलेल्या कागदावर जुनं नाव असणं हे बरोबरच आहे, तो कागद बदलून घ्यायची गरज नाही. कुणी शंका काढली तर शासनाच्या अधिसूचनेची प्रत जोडा. उस्मानाबाद-धाराशिवलाही हेच लागू.

निजामी टपाल
माझ्या आजोबांची पदवी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची आहे, १९४०च्या आसपासची. आपल्याकडे १९५८पर्यंत स्वतंत्र विद्यापीठच नव्हतं, मराठवाड्यातली मुलं तिकडेच जायची आणि शिकणं उर्दूतून व्हायचं. सुंदर नस्तालिक अक्षरातला कागद आहे, चौकटीत लावून ठेवलाय. आजोबा फक्त मॅट्रिक झालेल्यांशी जरा ताठ्यातच बोलायचे. त्याचं अपोस्टिल होईल का, एक सहज प्रश्न.

हुरडा पार्टी
आजोबांना कुठल्या देशात नोकरी लागली?

निजामी टपाल
वरच्या. तिथं पडताळणी कडक आहे म्हणतात.

टोरांटोची थंडी
गोदातीर यांनी कॅनडाचा उल्लेख केला म्हणून थोडं. कॅनडा जानेवारी २०२४मध्ये अपोस्टिल करारात आला. तेव्हापासून संभाजीनगर-पुण्याच्या एजंटांनी 'आता कॅनडाला अपोस्टिल कंपल्सरी' असं सुरू केलंय. एक्सप्रेस एंट्रीला (तिथे कायमचं राहायला जायच्या अर्जाला) लागतो तो ईसीए अहवाल, म्हणजे पदवीचं मूल्यमापन. तो पाच वर्षं चालतो. त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्र उतारा) विद्यापीठाकडून मूल्यमापन संस्थेकडे जावं लागतं, पाकीट बंद, जोडावर विद्यापीठाचा शिक्का. तुमच्या हातात आलेलं पाकीट तुम्ही फोडलं की ते बाद.

तीन वर्षांच्या बीए-बीकॉमवाल्यांनी आधीच मन घट्ट करा. अहवालात 'तीन वर्षांची बॅचलर' असं लिहून येतं. वरची एमए-एमकॉम असेल तर दोन्हींचं मूल्यमापन करून घ्या.

पूर्णाकाठ
एवढं सगळं! आधी आभार. नेकारतीर दादा, रात्री बसून अनाबिन पाहिलं. विद्यापीठ सापडलं, एच प्लस आहे. पण पदवीच्या यादीत माझी पदवी माझ्या शाखेच्या नावाने दिसत नाही. मिळतीजुळती एक नोंद आहे, नाव थोडं वेगळं. ती छापून लावू का?

एजंटालाही विचारलं, जर्मनी भारताचं अपोस्टिल मानते का. म्हणाला, 'साहेब, सगळ्या देशांत चालतंय, तुम्ही नेटवरचं वाचू नका.' मग म्हणला, तुमच्यासाठी अठरा करतो.

नेकारतीर
मिळत्याजुळत्या नोंदीवर काही जणांचं काम होऊन जातं, पण ते समोरच्या अधिकाऱ्यावर सोपवण्यासारखं आहे. तुमच्या कंपनीला व्हिसाची घाई असेल तर झेडएबीचाच मार्ग धरा. पदवी आणि गुणपत्रिकांच्या स्कॅन प्रती ऑनलाइन द्यायच्या. २०८ युरो कंपनी देते का तेही विचारा, बऱ्याच देतात. मूळ कागद कुणाला महिनाभर द्यायची गरज नाही.

आणि आणखी एक, कारण याचीही गल्लत होते. एपीएस प्रमाणपत्र नावाचा प्रकार आहे, नोव्हेंबर २०२२पासून. ते जर्मनीत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना लागतं, शुल्क १८ हजार रुपये. तुम्ही नोकरीवर चाललात, तुमचा त्याच्याशी संबंध नाही. एजंटाचे अठरा आणि हे अठरा यांचा मेळ त्याने उद्या घालून दाखवला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

लातूर पॅटर्न
विद्यार्थ्यांचा विषय निघाला म्हणून. जर्मन विद्यापीठं आपले टक्के त्यांच्या श्रेणीत बदलून घेतात, त्यांच्याकडे १ सगळ्यात चांगला आणि ४ म्हणजे काठावर पास. १००पैकी ४०ला पास धरलं तर ६२ टक्क्यांचे होतात २.९. मी ९० टक्क्यांच्या घरातला, माझे दीड आले. आमच्या आज्जीला फोनवर सांगितलं, दीड मिळाले. ती रडायलाच लागली.

मांजराकाठची सिस्टर
:)) लातूरच्या घरात दीड म्हणजे सुतकच.

गोदातीर
बरं, ज्यांना खरंच अपोस्टिल किंवा मंत्रालयाचा शिक्का लागणार आहे त्यांच्यासाठी खर्चाचा अंदाज कुणी देईल का? म्हणजे एजंटाचे आकडे तपासता येतील.

चिकित्सक
अपोस्टिलचं सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये. साध्या अटेस्टेशनला परराष्ट्र मंत्रालय काही घेत नाही. २०१२पासून मंत्रालय माणसांकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या संस्थांमार्फत द्यावे लागतात. त्या संस्थांचं ठरलेलं सेवाशुल्क वर. २०१९पासून हे काम दिल्लीखेरीज मुंबई, हैदराबाद अशा १५ शहरांतही होतं, त्यामुळे सचखंड एक्सप्रेस पकडून दिल्ली गाठायची गरज उरलेली नाही. नेमलेल्या संस्थांची नावं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत, तिथूनच घ्या. बाकीचे सगळे मधले. मधल्या माणसाला पैसे देणं गुन्हा नाही, हिंगोलीहून मुंबईला रजा टाकून जाण्यापेक्षा परवडत असेल तर द्या. पण ५० रुपयांचं काम कितीला घेतोय हे माहीत असू द्या.

एजंटाकडून करत असाल तर एकच प्रश्न विचारा: राज्याचा शिक्का महाराष्ट्राच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा असणार की दिल्लीतल्या एसडीएमचा (उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा)? एसडीएमचा मार्ग झटपट असतो, काही देशांना चालतो. युएई-कुवेतसाठी पदवीवर राज्याच्या शिक्षण विभागाचाच शिक्का मागतात. आठ दिवसांत करून देतो म्हणणारे बहुधा एसडीएमवालेच.

आणि ई-सनद नावाचं सरकारी पोर्टल आहे. ज्या संस्थांच्या नोंदी तिथे जोडलेल्या आहेत त्यांचं काम घरबसल्या होतं. आपल्या विद्यापीठाचं नाव त्यात आहे का ते आधी पाहून घ्या.

आडनाव आधी
एक राहिलं. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असतो. तो जोडावा लागला तर नुसतं इंग्रजी भाषांतर चालत नाही, अधिकृत अनुवादकाचं, सही-शिक्क्याचं लागतं. माझ्या दाखल्यावर 'वर्तणूक: बरी' असं लिहिलंय. अनुवादकाने त्याचं 'गुड' केलं, देव त्याचं भलं करो.

पूर्णाकाठ
कंपनीला मेल केला होता. उत्तर आलं: झेडएबीचं तुलनापत्र द्या, शुल्क आम्ही देतो, अपोस्टिलचा आम्ही कधीच उल्लेख केलेला नाही. अर्ज भरायला घेतलाय. एक अडलंय, तिसऱ्या वर्षाची एक गुणपत्रिका सापडत नाही. परभणीच्या घरी आईला कपाट उपसायला लावलंय.

जुना टेबल
कपाटात नाही मिळाली तर घाबरू नका. पोलिसात हरवल्याची नोंद करा, प्रतिज्ञापत्र करा आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागात दुय्यम गुणपत्रिकेचा अर्ज द्या. बैठक क्रमांक आठवत नसेल तर कॉलेजच्या जनरल रजिस्टरवरून किंवा बरोबरच्या मित्राच्या गुणपत्रिकेवरून अंदाज काढा, क्रमांक ओळीने असतात. अर्ज केलाच आहे तर त्याच वेळी ट्रान्सक्रिप्टचे दोन-तीन जादा संच बंद पाकिटात मागून घ्या. उद्या कॅनडाचा विचार आला तर परत यावं लागणार नाही.

बिनधास्त बीडकर
आणि पाकीट चुकून फोडलं तर?

जुना टेबल
तर या. खिडकी क्रमांक तोच आहे. जेवणाची सुट्टी दीड ते दोन.